मागे वळून बघायचं नाही

१२ मे

नातीने ही वही दिली. म्हणाली, आजी, तू फोनवर इतकं बोलतेस की आई फोन काढून घेते, तर उरलेलं ह्यात लिही आणि भेटलीस की मला वाचून दाखव. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर जन्मभर लिहिलं ते लाँड्रीत, गिऱ्हाइकांच्या कॉलरच्या आत बारीक नंबर. पण नंबर लिहिणारा हात अक्षरंही लिहील, त्यात काय मोठंसं.

आज मुलगा आला होता. चहा तसाच ठेवून ह्यांच्यासमोर बसला. "बाबा, डॉक्टर म्हणतात गुडघा छान जुळून आलाय. चालत नाही ते तुम्ही."

हे खिडकीजवळच्या खुर्चीत. मान न वळवता म्हणाले, "गाडी डेपोत लागली."

हे बस चालवायचे. बसल्या जागी पृथ्वीला किती प्रदक्षिणा झाल्या असतील कोण जाणे, पण कोपऱ्यावरच्या दुकानात पायी जायचं म्हटलं की तेव्हाही तोंड वाकडं. आता तर पलंग आणि खुर्ची, खुर्ची आणि पलंग. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑपरेशननंतर दोन माणसांनी उचलून वर आणलं, त्यानंतर ह्यांनी जिन्याचं तोंड पाहिलेलं नाही.

मग मुलाने पोटातलं ओठावर आणलं. वर्ष संपेपर्यंत बाबा जिना चढायला-उतरायला लागले तर ठीक, नाहीतर ही जागा सोडायची. त्याच्याकडे एक छोटी खोली मोकळी आहे, लेकीकडे एक छोटी खोली मोकळी आहे. बाबा त्याच्याकडे, मी लेकीकडे. मधे आगगाडीचा अख्खा दिवस.

"आई, मी तरी काय करू," म्हणाला. त्याचंही खरं आहे. वर मला म्हणतो, "आणि तू बाथरूममध्ये पडलीस ते वेगळंच."

मी पडले नव्हते, बसले होते. डोळ्यांपुढे जरा अंधारी आली म्हणून बसले, जमीन जवळच होती. हे खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत यायला निघाले, पण यायला एवढा वेळ लागला की तोवर माझी मीच उठून तोंड पुसत होते. त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुरुषांना भूक कधी लागेल नि कधी मरेल काही सांगता येत नाही.

डॉक्टरांनी मला पोहण्याच्या तलावावर पाण्यात चालायचा वर्ग सांगितलाय, म्हाताऱ्या गुडघ्यांवर भार येत नाही म्हणे. मी मनाशी ठरवलंय. मी जाणार, येऊन रोज मीठमिरची लावून सांगणार, आणि ह्यांना मोह पाडणार. मांजराला लांबून दूध दाखवतात तसं.

१५ मे

पाण्यात घालायचा पोशाख खालच्या शिंपिणीने शिवला. ती तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशीच मशीन घेऊन बसते. आल्यागेल्याला तिच्यासमोरूनच जावं लागतं. माप घेताना म्हणते, "काकू, बघणाऱ्यांनी डोळे मिटायचे की उघडायचे?" मी म्हटलं, "तू आधी टेप सरळ धर." अंगभर शिवलाय, मनगटापासून घोट्यापर्यंत.

आणि पाणी. आता कसं सांगू. जन्मभर मी कोपरापर्यंत पाण्यात होते, गळ्यापर्यंत आज पहिल्यांदा. कठडा धरून एकेक पायरी उतरले, आणि चौथ्या-पाचव्या पायरीला माझं वजन कोणीतरी हळूच काढून घेतलं. दारात आलेल्या पाहुण्याच्या हातातली पिशवी घेतात तसं. छातीपर्यंत पाणी आलं आणि मी चालायला लागले. पाय टाकायचा तर तो आधी वर येतो, मग त्याच्या सवडीने खाली जातो. तळाच्या फरश्यांवर उन्हाची जाळी हलत होती आणि माझे पाय त्या जाळीत. माझेच आहेत का हे, असं वाटलं. आमच्यासारख्या आणखी चारदोन म्हाताऱ्या, सगळ्या सावकाश, सगळ्या गप्प, ढगांसारख्या एकमेकींच्या बाजूने सरकत होत्या. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण तिथे बोलायची आठवणच झाली नाही.

शिकवणारी मुलगी तरणीताठी आहे. मी तिला पाणीबाई म्हणते. तिचे कायदे कडक. काठावर रबरी चपलेशिवाय पाऊल नाही. दम लागला तर बोलून दाखवायचं, बोलता येत नसेल इतका लागला तर थांबायचं. आधी पाणी प्यायचं, मग पाण्यात उतरायचं. आणि उन्हं चढायच्या आत घरी.

नातीने विचारलं, आजी, मासा झालीस का? म्हटलं, आज म्हैस झाले, मासा व्हायला वेळ आहे.

१६ किंवा १७ मे

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "खोल किती आहे?" मी म्हटलं, "येऊन बघा." म्हणाले, "गाडी डेपोत."

४ जून

वर्गाला आठवड्यातून तीनदा जाते. रस्ता सरळ आहे. आमची गल्ली, मग बागेची जाळी, मग तलाव. तलावालाही जाळीचंच कुंपण आहे, बाहेर झाडाखाली बाक आहेत.

आज धुणं काढताना एक गंमत दिसली. ह्यांच्या पायजम्याला मागून धूळ, चांगली पायरीसारखी आडवी-आडवी. खुर्चीतली धूळ अशी लागत नाही. पण मग कशी लागेल? खुर्चीची गादी झटकून उन्हात टाकली.

११ जून

पाण्यातून वर येताना आज जरा गरगरलं. काही नाही, ऊन होतं. कठडा घट्ट धरला, गेलं. कोणाला सांगितलं नाही, पाणीबाईलासुद्धा नाही, ती दुसऱ्या टोकाला होती.

१३ जून

पाणीबाईला कसं कळलं कोण जाणे. आज म्हणते, "आजी, आता बाहेर यायचं तर शेवटच्या पायरीवर थांबायचं, दहा श्वास घ्यायचे, मग वर. मी हात देणार." आणि मला पिवळी टोपी घालायला लावली. बाकीच्यांच्या निळ्या. मी म्हटलं मलाच का पिवळी? म्हणाली, "लांबून दिसते." आता लांबून मला बघणार कोण, मी काय विमानतळ आहे? पण पिवळा रंग मला खुलतो, असं ती म्हणाली, मग मी वाद घातला नाही.

घरी आले तर बाथरूममध्ये नळवाला. भिंतीला पकडायची दांडी बसवत होता, खाली खरखरीत रबरी जाजमही घातलेलं. ह्यांनी फोन करून बोलावलं म्हणे. बसल्या जागेवरून माणूस किती हुकूम सोडू शकतो ते ह्यांच्याकडून शिकावं. मी म्हटलं, "अहो, दांडी कोणासाठी?" तर म्हणाले, "मला लागते." खोटं कशाला बोलू, मलाही बरी पडते.

२९ जून

आता काळजीचं लिहिते. ह्यांचा सदरा दिवसाआड घामाने भिजलेला असतो. पाठीवर, काखेत, कॉलरच्या आत. मी लाँड्रीतली बाई आहे, बसल्याचा घाम आणि कष्टाचा घाम मला वासावरून कळतो. हा कष्टाचा. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला कष्टाचा घाम येतो म्हणजे आत काहीतरी मोठं बिघडलंय. मोज्यांच्या टाचाही विरल्यात. पाय घासतात की काय खुर्चीखाली?

शिंपिणीला सांगितलं तर ती इतकी हसली की सुई बोटात घुसली. दुसऱ्याच्या दुखण्याला हसते ती.

८ जुलै

राहवलं नाही, मुलाला फोन केला. "हे बसल्या बसल्या भिजतात रे." तो घाबरून डॉक्टरांना घेऊनच आला. डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती ऐकली, पाय दाबून बघितले. म्हणाले, "मागच्यापेक्षा खूपच बरंय. मांडीला मांस धरतंय." मला म्हणाले, "काय खायला घालता?"

हे वर छताकडे बघत होते, चोरी पकडल्यासारखे. मी म्हटलं, अहो, घामाचं काय? हे म्हणाले, "उकडतं."

मुलगा जाताना जिन्यात म्हणाला, "आई, उतरले का एकदा तरी खाली?" मी काय सांगणार. माझ्यासमोर तर दारापर्यंतसुद्धा येत नाहीत. तो म्हणाला, "मग डिसेंबरात मी येतो. दोन बॅगा घेऊन येतो." मी त्याच्या पाठीमागे कितीतरी वेळ जिन्यात उभी होते. लहानपणी तो हाच जिना रडत उतरायचा, शाळा नको म्हणून.

२७ सप्टेंबर

आज तलाव बंद झाला. आमच्या गावात थंडी लवकर येते, आणि थंडीत उघड्या पाण्यात म्हाताऱ्यांना सोडत नाहीत. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम हळू चालले. पाण्यावर दोन-तीन पानं पडली होती, मी चालले की तीही माझ्याबरोबर चालायची. वाटलं आपण कुठल्या तरी मोठ्या, शांत गावात आलोय, तिथे कोणी कोणाला उचलून नेत नाही, बॅगा भरत नाही. मग शिट्टी वाजली.

पाणीबाई म्हणाली, आजी, पाणी आटलं म्हणून पाय आटवायचे नाहीत. ऋतू बदलतो तसा व्यायाम बदलायचा. आता बागेत या, पानगळीत सपाट रस्त्यावर चालायचं, काठी घेऊन, ओल्या पानांवरून नाही.

१९ ऑक्टोबर

बागेतला मोठा रस्ता पिवळा झालाय, माझ्या टोपीसारखा. माळी आम्हाला लांब दांड्याची हलकी दाताळी देतो. पाठ न वाकवता, पुढे एक पाय टाकून, पानं स्वतःकडे ओढायची. हात बदलायचे, थोडं ओढलं की बसायचं. पानांचा आवाज असा येतो की डोळे मिटले तर समुद्र. मी डोळे मिटले होते आणि माळी म्हणाला, "आजी, झोपलात?" मी म्हटलं, "नाही रे, गेले होते जरा."

बागेत आज मागे कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं. ओळखीचा खोकला. वळून बघितलं तर फक्त झाडं. घरी गेले तर हे खुर्चीत, पेपर तोंडासमोर. पेपर उलटा होता. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१४ नोव्हेंबर

आज काळजीचं नाही, आनंदाचं लिहिते.

थंडी कडक झाली म्हणून आमचा वर्ग आता रोपवाटिकेच्या काचघरात भरतो. आत ऊब, ओल्या मातीचा वास, टेबलाच्या उंचीवर वाफे. उभ्याउभ्याच रोपं उपटायची नि दुसऱ्या कुंडीत लावायची, टाचा वर-खाली करायच्या, खुर्ची धरून एका पायावर तोल. काचेवर आतून बाष्प धरतं, बाहेरचं जग दुधात बुडाल्यासारखं.

मी सहज तळव्याने काच पुसली. एवढंसं भोक पडलं. त्या भोकात रस्त्यापलीकडचा बाक, आणि बाकावर कानटोपी घालून, मफलर गुंडाळून, गुडघ्यांमध्ये काठी धरून आमचे हे.

मला वाटलं वाफेने मला भुरळ घातली. परत पुसलं. हेच. काचघराच्या दाराकडे टक लावून बसलेले, हातांवर फुंकर घालत.

बाई गं. मग सगळे डाग माझ्यापुढे एका ओळीत वाळत पडले. पायजम्याची धूळ, पाठीचा घाम, विरलेल्या टाचा. जन्मभर लोकांच्या कपड्यांवरून त्यांच्या घरातली भांडणं ओळखली, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार.

पहिल्यांदा तोंडात आलं, अहो. दार उघडायला निघालेही होते. पण दाराच्या कडीवर हात ठेवला आणि थांबले. मी ह्यांना ओळखते. चोरी पकडली गेली की हे परत खुर्चीत जातील आणि म्हणतील, डेपोत. मग डिसेंबर येईल. मी कडी सोडली आणि जाऊन रोपं लावत बसले. एक उलटं लावलं.

१५ नोव्हेंबर

शिंपिणीला गाठलं. "तुला माहीत होतं."

ती मशीन थांबवून म्हणाली, "काकू, पहिल्या दिवशी बसत बसत उतरले, एकेक पायरी, लहान पोरासारखे. घामाघूम. मला म्हणाले, तिला बोललीस तर उद्यापासून येणार नाही. मग मी काय करणार, सुईत दोरा ओवत बसले. तुम्ही पुढे गेलात की हे निघायचे, वर्ग सुटायच्या जरा आधी परत. तुम्ही इथे माझ्याशी बोलत बसता, तेवढ्यात जिना चढून घेतात."

"म्हणून तू मला रोज बसवून घेतेस होय. मला वाटलं माझ्या गप्पा आवडतात."

"त्याही आवडतात," ती म्हणाली. मग कात्री खाली ठेवून, "काकू, ते का जातात हे तुम्हाला..."

"का म्हणजे?" मी म्हटलं. "मोह पडला. मी एवढं पाण्याचं, पानांचं वर्णन केलं, दगडालाही पाय फुटले असते. फक्त कबूल करायची लाज."

तिने दाताने दोरा तोडला.

२० नोव्हेंबर

आता माझं काम वाढलंय. मी नुसती चालत नाही, मी ह्यांना चालवते. मागे वळून बघायचं नाही हा पहिला नियम. मान कितीही वळवळली तरी नाही. दुसरा, दुकानांच्या काचांसमोर थांबायचं, म्हणजे ह्यांना दम घ्यायला मिळतो. आज छत्र्यांच्या दुकानासमोर इतका वेळ थांबले की दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "आजी, कुठली दाखवू?" काचेत मागचा रस्ता दिसत होता. लांबवर एक कानटोपी खांबाला टेकून उभी होती. ओला रस्ता लागला की मी पलीकडच्या कोरड्या बाजूने जाते, म्हणजे हेही तिकडून येतील.

असं चालताना मला कधी कधी वाटतं, आपण पंचवीस वर्षांच्या आहोत आणि कोणीतरी अनोळखी पुरुष आपल्या मागे येतोय. अंगावर शहारा येतो. थंडीचा असेल.

२ डिसेंबर

सर्दी झाली म्हणून दोन दिवस घरीच होते. पाणीबाईचा कायदा आहे, ताप असला की अंथरूण, हुशारी नाही. पण ह्यांची काय तगमग. खिडकी ते दार, दार ते खिडकी. शेवटी म्हणाले, "आज जाणार नाहीस?"

"नाही."

"उद्या?"

"बघू."

"गरम कपडे घालून जा हवं तर. एकावर एक." मग उगाच खिडकीची कडी तपासली. मी पांघरुणात तोंड खुपसून हसले. बघा, किती नाद लागलाय माणसाला चालण्याचा. माझ्यावाचून बिचाऱ्यांचा व्यायाम बुडाला.

१८ डिसेंबर

मुलगा आला. दोन रिकाम्या बॅगा घेऊन, न कळवता.

मी नुकतीच काचघरातून येऊन शिंपिणीकडे स्टुलावर बसले होते, ह्यांना वर पोचायला वेळ देत. आज उशीर झाला होता, हे नुकतेच माझ्या पाठीमागून आत शिरून जिन्याला लागले होते. मी भिंतीकडे बघत राहिले आणि शिंपिणीला बटणांबद्दल विचारत राहिले. तेवढ्यात मुलगा दारात.

"आई, चल वर. बाबांशी बोलून घेऊ."

मी त्याचा हात धरून खाली बसवलं. "थांब जरा. अजून पोचले नसतील."

"कोण?"

मी बोट वर केलं. जिन्यात काठी वाजली. ठक. मग पाऊल. मग दुसरं पाऊल, त्याला पहिल्याशेजारी आणून ठेवलं. मग कठड्यावरून हात सरकल्याचा आवाज. शिंपिणीने मशीनवरचा पाय काढला. आम्ही तिघं वर बघत बसलो, छतातून माणूस दिसत असल्यासारखे. पहिल्या मजल्यावर आवाज थांबला. मुलगा उठायला लागला, मी त्याचं मनगट सोडलं नाही. "श्वास घेतायत. घेऊ दे."

मग परत, ठक. मधे एकदा काठी घसरल्यासारखी झाली आणि मुलाने डोळे मिटून घेतले. मीही मिटले, पण मी ऐकत होते. किती वेळ गेला मला नाही सांगता येणार. मग वर किल्ली फिरली, दार लागलं, आणि खुर्ची करकरली.

"रोज?" मुलाने विचारलं.

"मी जाते त्या दिवशी," मी म्हटलं. "हळू बोल. त्यांना वाटतंय मला माहीत नाही."

आम्ही वर गेलो तर हे खिडकीत, पेपर समोर, छाती भात्यासारखी, आणि डोक्यावर कानटोपी तशीच. मुलगा पुढे गेला, त्याने ती कानटोपी काढली आणि खुंटीला लावली. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिला चहा करू दे. तू इथे बस."

मी आत गेले. बाहेर ह्यांचा बारीक आवाज, मधूनमधून मुलाचं नुसतं हं, हं. काय बोलत होते ते भांड्यांच्या आवाजात कळलं नाही, एकदा फक्त "बाथरूम" ऐकू आलं, दांडीचं कौतुक सांगत असतील. मुलगा आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. चहाची वाफ डोळ्यांत गेली म्हणाला.

माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, तू बाहेर जाणं चुकवू नकोस हं. आणि सावकाश चाल."

"सावकाशच चालते," मी म्हटलं. "नाहीतर हे मागे पडतील."

तो हसला, आणि हसताना त्याला हुंदका आला. लहानपणीही असंच करायचा. संध्याकाळी बॅगा रिकाम्याच परत घेऊन गेला. हे खिडकीतून त्याला हात करत होते आणि मी ह्यांचा सदरा धुवायला टाकत होते, पाठीवर चांगला ओला.

१९ डिसेंबर

आज ऊन स्वच्छ आहे. दुपारीही कोवळेपणा टिकेल असं वाटतं. हे सकाळपासून मफलर झटकतायत आणि विचारतायत, "आज कुठल्या रस्त्याने जाणार?" मी म्हटलं, बघू. सांगितलं तर मजा काय.

बागेपलीकडच्या तळ्याला वळसा घालून जाईन म्हणते. नवा रस्ता आहे, पण सपाट, आणि काठाने बाक आहेत. पहिल्या बाकापर्यंत चढ नाही, तरी दम लागेल इतकं लांब आहे. मी तिथे बसणार नाही, पुढच्यावर जाऊन बसेन, पाण्याकडे तोंड करून, भरपूर वेळ. पहिला रिकामा ठेवायचा.